तिकीट आणि हक्क : ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ जहाजावरचा पहिला दिवस (थ्रेड)

१/
४ ऑक्टोबर १९३०, शनिवार. मुंबईहून विलायतेला निघालेल्या ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या जहाजावर एकोणचाळीस वर्षांचे एक बॅरिस्टर चढले. परळच्या चाळीत त्यांचे बिऱ्हाड होते, कोलंबिया आणि लंडन या विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्या नावापुढे होत्या आणि खिशात पहिल्या गोलमेज परिषदेचे निमंत्रण होते. ते होते डॉ. भीमराव आंबेडकर. निमंत्रण व्हाइसरॉयकडून आलेले, जहाजाचे नावही व्हाइसरॉयचेच. त्यामुळे त्या काळी उघडपणे विचारला गेलेला एक प्रश्न अधिकच बोचरा ठरतो : हा माणूस जहाजावर चढला तो कोणाचा प्रतिनिधी म्हणून? याचे उत्तर शोधताना मुंबईच्या धक्क्यावरून नागपूर, कामठी आणि कन्हानच्या काठापर्यंत यावे लागते.

२/
आधी जहाज पाहू. पी. अँड ओ. कंपनीसाठी ते ग्लासगो येथे बांधले गेले. सप्टेंबर १९२८ मध्ये ते पाण्यात उतरले आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये लंडन–मुंबई अशी त्याची पहिली सफर झाली. लांबी सहाशे फुटांहून अधिक, नोंदणीकृत आकारमान १९,६४८ टन. वाफेच्या टर्बाइनने वीज निर्माण करायची आणि त्या विजेवर पंखे फिरवायचे, ही पद्धत वापरणारे हे या कंपनीचे पहिले मोठे प्रवासी जहाज. त्यामुळे यंत्रांचा थरकाप आणि गोंगाट कमी जाणवे. पहिल्या वर्गात ४१५ व दुसऱ्या वर्गात २५८ प्रवाशांची सोय होती. तिसरा वर्ग नव्हताच. आजच्या क्रूझ जहाजांचे हे थेट पूर्वज म्हणता येईल. नियमित फेऱ्यांच्या अधूनमधून ते निव्वळ सहलींसाठीही वापरले जाई.

३/
बांधणी सुरू असताना या जहाजाचे नाव ‘ताजमहाल’ ठेवण्याचे ठरले होते. पुढे ते बदलून ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ झाले. आतील सजावटीत मात्र हिंदुस्थान फारसा नव्हता. धूम्रपानाचे दालन जुन्या ब्रिटिश गढीतील दिवाणखान्यासारखे : भव्य शेकोटी, भिंतींवर शस्त्रे, लाकडी कोरीवकाम. संगीताचे दालन अठराव्या शतकातील इंग्रजी धाटणीचे. तरण तलाव पाँपेई या प्राचीन रोमन नगराच्या शैलीतला. मुंबईच्या धक्क्यावर असतानाच प्रवासी शिडी चढून आत गेला की तो एका तरंगत्या इंग्लंडमध्ये प्रवेश करी. विलायत तेथूनच सुरू होई.

४/
मुंबईहून विलायतेची डाक नेणारी पी. अँड ओ.ची जहाजे शनिवारी सुटत. बॅलार्ड पिअरच्या अगदी धक्क्यापर्यंत रेल्वे येई. १९२८ साली सुरू झालेल्या फ्रंटियर मेलसारख्या गाड्या हंगामात थेट तेथूनच सुटत, म्हणजे बोटीतून उतरलेला साहेब सरळ गाडीत बसे. पंजाब, बंगाल, मध्यप्रांत अशा चहूकडून आलेली टपालाची पोती याच धक्क्यावर जहाजात चढत. कन्हान आणि कामठी ही स्थानकेही याच जाळ्यात होती. कलकत्त्याकडून येणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग कन्हान नदी ओलांडून नागपूरला पोहोचे आणि तेथून मुंबईची गाडी मिळे.

५/
अशा जहाजावरचा पहिला दिवस बराचसा ठरलेल्या शिस्तीचा असे. सामानावर चिठ्ठ्या चिकटवल्या जात : हे केबिनमध्ये हवे, हे वाटेत लागेल, हे प्रवासभर लागणार नाही. त्यानुसार पेट्या केबिनमध्ये किंवा तळाच्या कोठारात जात. मग केबिन शोधणे, जेवणघरात आपली जागा कोणत्या टेबलावर आहे ते पाहणे, डेकवरच्या खुर्चीची व्यवस्था लावणे, स्नानाची वेळ स्नानगृहाच्या सेवकाकडून ठरवून घेणे. जेवणाचे टेबल विशेष महत्त्वाचे असे. एकदा मिळालेली जागा बहुधा प्रवासभर कायम राही. म्हणजे पुढचे दोन आठवडे कोण कोणाच्या शेजारी बसून जेवणार, हे पहिल्याच दिवशी ठरे.

६/
ज्या समाजात कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे हे जन्माने ठरत होते, तेथून आलेल्या माणसासाठी ही टेबलांची यादी म्हणजे साधी सोय नव्हती. जहाजाच्या नोंदवहीत प्रवाशाचे नाव, वर्ग आणि केबिनचा क्रमांक असे. जात विचारण्याचा रकाना नव्हता. तिकीट असले की टेबल, पाण्याचा पेला, बिछाना आणि सेवक हे सारे त्यासोबत येई. वंशभेदाचा ताठा अनेक गोऱ्या प्रवाशांच्या वागण्यात होताच आणि हिंदी प्रवाशांना तो सोसावा लागे. पण माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही कल्पना जहाजाच्या नियमांत नव्हती.

७/
आता त्या तरण तलावाकडे पुन्हा पाहू. जहाजाच्या पोटात बांधलेला असा तलाव पी. अँड ओ.च्या जहाजावर प्रथमच आला होता आणि कंपनी त्याची मोठी जाहिरात करी. त्याच वेळी कुलाबा जिल्ह्यातील महाडचे चवदार तळे न्यायालयात अडकलेले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे खाजगी मालकीचे आहे, असा दावा काही स्पृश्य रहिवाशांनी दाखल केला. ऑक्टोबर १९३० मध्ये त्या दाव्याचा निकाल लागलेला नव्हता. समुद्रावरील तलावात उतरण्यास तिकीट पुरेसे होते. गावच्या सार्वजनिक तळ्यातून ओंजळभर पाणी घेण्याचा हक्क मात्र अजून कायद्याने सिद्ध व्हायचा होता.

८/
जहाज म्हणजे समतेचे बेट होते, असे मात्र समजू नये. डेकच्या खाली दुसरी दुनिया होती. पी. अँड ओ.च्या जहाजांवरील बहुसंख्य कामगार हिंदी असत. डेकवरील खलाशी मुख्यतः कोकण, गुजरात आणि काठियावाडच्या किनाऱ्यावरचे. इंजिनखान्यात पंजाब आणि सरहद्दीकडील मुसलमान. जेवणघरात आणि केबिनांत वाढपी व सेवक म्हणून गोव्याचे ख्रिस्ती. खलाशांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल. गोऱ्या खलाशांच्या तुलनेत यांचा पगार बराच कमी आणि राहण्याची जागा अपुरी. किनाऱ्यावर जातीनुसार काम वाटले जाई, येथे प्रांत आणि धर्म पाहून. ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ नावाच्या जहाजाची रचना साम्राज्याच्या रचनेसारखीच होती.

९/
सवर्ण प्रवाशासाठी जहाजावरचा पहिला दिवस वेगळ्याच कारणाने कठीण असे. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकात बळकट होती. तिलाच पुढे ‘सिंधुबंदी’ हे नाव पडले. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजाने निघाल्या, तेव्हा त्या जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या आणि पती गोपाळराव सोबत नव्हते. त्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण अमेरिकेस का जातो हे सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ, असा निर्धार जाहीर केला. शिडीवर पाऊल ठेवताना त्यांच्यासमोर प्रश्न होता तो जात गमावण्याचा.

१०/
याचे टोकाचे उदाहरण १९०२ सालचे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराज माधोसिंह इंग्लंडला निघाले. त्यासाठी ‘ऑलिंपिया’ हे नवे कोरे जहाज भाड्याने घेण्यात आले, कारण त्यावर पूर्वी गोमांस शिजलेले नसावे अशी अट होती. सोबत चांदीचे प्रचंड रांजण होते आणि त्यांत गंगाजल भरलेले होते. तिकडचे पाणी प्यावे लागू नये म्हणून ही व्यवस्था. हे रांजण आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये पाहायला मिळतात. एका महाराजाने दुसऱ्याचे पाणी टाळण्यासाठी आपली नदी जहाजात भरून नेली. त्याच काळात याच देशातील लाखो माणसांना गावच्या विहिरीवर जाण्याची मुभा नव्हती.

११/
डॉ. आंबेडकरांसाठी जहाज नवे नव्हते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते ‘अँकोना’ या जहाजाने निघाले आणि जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार निवर्तले होते. ज्याला शाळेत पाण्याच्या नळाला हात लावता येत नव्हता आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय तहान भागवता येत नव्हती, तो मुलगा आता अटलांटिक ओलांडत होता. गमावण्यासारखी जात त्याच्याकडे नव्हती. आनंदीबाईंना आणि महाराजांना जहाजावर जे हरवण्याची भीती वाटत होती, नेमके तेच ओझे उतरण्याची त्याला तेथे संधी होती.

१२/
ते ओझे खरोखरच उतरले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात डॉ. आंबेडकरांनी लिहिले आहे की, युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. १९१७ साली पहिले महायुद्ध चालू असताना ते ‘कैसर-ए-हिंद’ या जहाजाने परतले. त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते. ते जहाज पाणतीराच्या माऱ्याने बुडाले आणि जमवलेली पुस्तके त्यासोबत गेली. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्याला नोकरीस हजर झाले. स्थानकावर उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला : राहायचे कोठे?

१३/
हिंदू खानावळीत प्रवेश मिळणार नव्हता. पारशांच्या एका पथिकाश्रमात पारशी नाव सांगून त्यांनी जागा मिळवली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. शहरात दुसरा आसरा मिळाला नाही, तेव्हा ते मुंबईस परतले. हा प्रसंग त्या जहाजप्रवासाला जोडून वाचला पाहिजे. जहाजावर जी समता होती ती तिकिटाची होती आणि तिकिटाची मुदत बंदराला संपे. शिडी उतरून माणूस धक्क्यावर आला की त्याचे नाव, पदवी, इंग्रजी पोशाख यांपैकी काहीही जातीच्या आड येत नसे.

१४/
१९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य, एवढी शिदोरी. पहिल्या खेपेला संस्थानिकाचा विद्यार्थी, दुसऱ्या खेपेला कर्ज काढून शिकणारा प्राध्यापक. तिसऱ्या खेपेला, म्हणजे १९३० साली, ते निघाले तेव्हा शिकण्यासाठी जात नव्हते. कोट्यवधी लोकांच्या वतीने बोलण्यासाठी जात होते. म्हणूनच या तिसऱ्या प्रवासातील पहिल्या दिवसाला वेगळे वजन आहे.

१५/
वजन होते, तसा धोकाही होता. १९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, काँग्रेसने परिषदेवर बहिष्कार टाकला होता आणि तिला जाणारे प्रतिनिधी सरकारने नेमलेले होते, लोकांनी निवडलेले नव्हते. त्यामुळे जो कोणी जहाजावर चढेल तो सरकारचा माणूस, असे म्हणणे सोपे होते. अस्पृश्य वर्गाचे दोन प्रतिनिधी नेमले गेले : डॉ. आंबेडकर आणि मद्रासचे रावबहादूर आर. श्रीनिवासन. दुसरीकडे नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह मार्चपासून चालू होता. तेथे आपले लोक मार खात आहेत आणि आपण विलायतेच्या जहाजावर आहोत, ही स्थिती कोणत्याही नेत्यासाठी सोपी नव्हती.

१६/
येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. परिषदेचे निमंत्रण आले ते सप्टेंबर १९३० मध्ये. त्याआधी, ८ ऑगस्ट १९३० रोजी, नागपुरात अखिल भारतीय अस्पृश्य वर्गाच्या परिषदेचे अधिवेशन भरले होते आणि अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. लंडनमध्ये मांडायची भूमिका व्हाइसरॉयच्या पत्रानंतर घडलेली नाही. ती नागपुरात आधीच जाहीर झालेली होती. वंश, भाषा आणि धर्म यांची विविधता असलेले युरोपातील नवे देश स्वतःचा कारभार चालवतात, मग हिंदुस्थान का नाही, असा प्रश्न त्यांनी तेथे केला. मात्र स्वराज्याच्या घटनेत अस्पृश्यांच्या संरक्षणाची तरतूद हवी, ही त्यांची अट होती.

१७/
त्या भाषणात त्यांनी सरकारलाही सोडले नाही. ब्रिटिश अमलात देशाचे दारिद्र्य वाढले आणि अस्पृश्यांच्या मूळ अडचणी तशाच राहिल्या, हे त्यांनी ठामपणे मांडले. त्यांच्या मते अस्पृश्यांचे हित सरकार आणि काँग्रेस या दोघांपासूनही स्वतंत्र राहण्यात होते. जहाजाचे नाव काहीही असो, त्यावर चढणाऱ्या प्रवाशाने दोन महिने आधीच व्हाइसरॉयच्या राज्याविरुद्धचे आरोपपत्र नागपुरात वाचून दाखवले होते.

१८/
अधिवेशनासाठी नागपूर का? एक कारण भूगोलात आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही दिशांनी येणाऱ्यांना ते मध्यवर्ती. दुसरे कारण माणसांत आहे. एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती आणि गिरण्यांत अस्पृश्य समाजातील कामगार मोठ्या संख्येने होते. शेजारच्या कामठीत १८२१ पासून लष्करी छावणी होती, विणकाम होते, विड्यांचा धंदा होता. रोख मजुरी आणि शहरी वस्ती यांमुळे संघटनेला जमीन तयार झाली होती. कामठीचे हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन., याच मातीतले. जन्म ६ जानेवारी १९०४. नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी वय सव्वीस.

१९/
पुन्हा त्या शनिवारी. वाटाड्या अधिकारी जहाजाला बंदराबाहेर काढून देई आणि आपल्या होडीत उतरून परत जाई. डावीकडे उरण आणि पलीकडचा कुलाबा जिल्हा, म्हणजे महाडचाच जिल्हा. उजवीकडे कुलाब्याचे टोक आणि तेथील प्राँग्ज दीपगृह. पावसाळा संपलेला, त्यामुळे ऑक्टोबरचा अरबी समुद्र बराच शांत असतो. रात्री घड्याळाचे काटे मागे घेतले जात, कारण जहाज पश्चिमेकडे चाललेले असे. पुढचे बंदर एडन, मग सुवेझ, पोर्ट सैद आणि मार्सेय. सातशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील कन्हानकाठचे कोणी त्या दिवशी त्या जहाजावर नसेल. नागपुरात ठरलेल्या मागण्या मात्र होत्या.

२०/
त्या मागण्या लंडनमध्ये ऐकल्या गेल्या. १२ नोव्हेंबर रोजी पंचम जॉर्ज यांनी परिषदेचे उद्घाटन केले आणि २० नोव्हेंबर रोजी डॉ. आंबेडकर बोलले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा पाण्याचाच होता. ब्रिटिशांच्या आधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. ब्रिटिशांनी तो हक्क मिळवून दिला काय? देवळात जाता येत नव्हते. आता जाता येते काय? दीडशे वर्षांच्या राज्यानंतरही आमच्या जखमा उघड्याच आहेत, असे सांगून त्यांनी नोकरशाहीच्या जागी लोकांचे सरकार मागितले. सरकारने नेमलेला प्रतिनिधी सरकारचाच हिशेब मागत होता. तो व्हाइसरॉयचा माणूस आहे का, हा प्रश्न सभागृहापुरता तरी त्या दिवशी निकाली निघाला.

२१/
पुढच्या वर्षी तो वेगळ्या रूपाने परतला. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात डॉ. आंबेडकर आणि गांधीजी यांची पहिली भेट झाली. ती गोड झाली नाही. आपल्याला मायभूमी नाही, असे डॉ. आंबेडकर तेथे म्हणाले, कारण ज्या भूमीत कुत्र्या-मांजरापेक्षा हीन वागणूक आणि पिण्याचे पाणीही मिळत नाही तिला आपली कसे म्हणायचे? दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टला, ते ‘मुलतान’ या जहाजाने दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी निघाले. वीस हजार टनांहून मोठे हे जहाजही पी. अँड ओ.चेच आणि तो दिवसही शनिवारचाच.

२२/
गांधीजी २९ ऑगस्टच्या शनिवारी ‘राजपुताना’ या जहाजाने निघाले, दुसऱ्या वर्गातून. सोबत शेळीच्या दुधाची व्यवस्था, महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन. सोबत्यांनी घेतलेले सामान पाहून गांधीजी रागावले आणि एडनहून बऱ्याच पेट्या परत पाठवण्यात आल्या. दोन आठवड्यांच्या अंतराने एकाच मार्गाने गेलेली ही दोन माणसे लंडनमध्ये समोरासमोर आली. अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधित्व आपण करतो, असे गांधीजींचे म्हणणे होते. डॉ. आंबेडकरांना सरकारने नेमलेले, म्हणून त्यांचा अधिकार दुय्यम, असा त्याचा रोख होता.

२३/
याचे उत्तर लंडनमधल्या युक्तिवादाने पुरते मिळण्यासारखे नव्हते. ते हिंदुस्थानातून यावे लागले आणि तारेने आले. डॉ. आंबेडकर हेच आमचे नेते आहेत, अशा तारा ठिकठिकाणच्या अस्पृश्य संघटनांनी लंडनला धाडल्या. कामठीहून बाबू हरदासांनी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांना तार केली आणि इतरांनाही तारा करायला लावल्या. लंडनची तार त्या काळी गरिबाच्या खिशाला परवडणारी गोष्ट नव्हती. शब्दागणिक पैसे पडत. विडी कामगार आणि विणकरांच्या वस्तीतून गेलेल्या अशा तारेचे मोल त्या हिशेबाने जोखावे. जहाजाला दोन आठवडे लागत, तारेला काही तास. शिडी चढणारा माणूस एकटा होता, त्याच्या मागचा अधिकार असा गोळा झाला.

२४/
त्या जहाजांचे पुढे काय झाले? ‘राजपुताना’ एप्रिल १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवले. ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ दुसऱ्या महायुद्धात सैन्य वाहू लागले आणि ११ नोव्हेंबर १९४२ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ तेही पाणबुडीचे भक्ष्य झाले. तो पाँपेई शैलीतला तलाव भूमध्य समुद्राच्या तळाशी आहे. ‘मुलतान’ युद्धातून वाचले आणि १९५४ मध्ये भंगारात गेले. महाडचा दावा मात्र तडीस गेला : १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली, पण तळ्याचे पाणी तिकिटाशिवाय, हक्काने मिळाले.

२५/
बाबू हरदास त्याच १९३७ साली नागपूर-कामठी मतदारसंघातून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळावर निवडून आले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे पस्तीस. कन्हान नदीच्या काठी त्यांची समाधी आहे आणि स्मृतिदिनी तेथे लोक जमतात. हावड्याकडून येणारी गाडी आजही कन्हान स्थानक मागे टाकून नदीवरच्या पुलावर येते. खिडकीतून नदी दिसेल तेव्हा ती लंडनला गेलेली तार जरूर आठवावी.